शाळेचं मीटर, मुलांची नोंदवही: खान्देशातल्या शाळांसाठी वीजबचतीचा वर्षभराचा प्रकल्प

शाळेतली वीजबचत बहुतेक ठिकाणी १४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनाला सुरू होते आणि १५ डिसेंबरला संपते. फेरी निघते, घोषणा होतात, चित्रकला स्पर्धेत बल्बला डोळे-तोंड काढलं जातं आणि मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गातले चारही पंखे फिरतच राहतात. घोषणांनी वीज अजिबात वाचत नाही असं नाही. पण किती वाचली ते कळत नाही, आणि ते कळलं नाही की महिनाभरात सगळ्यांचा उत्साह ओसरतो. म्हणून पुढचा सगळा प्रकल्प एकाच कामाभोवती बांधला आहे: मुलांनी रोज दोनदा मीटर वाचायचं. बाकीची कामं त्या आकड्यांतूनच निघतात.

खान्देशापुरती एक अट आधीच मान्य करून टाकू. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि मार्चमध्येच सकाळची शाळा करायची वेळ येते. चाळीस मुलांच्या वर्गात पंखे बंद करून, मुलांना घामाघूम करून वाचवलेलं युनिट ही बचत नव्हे. आधी रिकामे वर्ग, मग रात्रीचा वापर, मग पाण्याची मोटर, मग छत. मुलं बसलेल्या वर्गातल्या पंख्याला हात लावायचाच नाही.

गट कसा करायचा

आठवी-नववीची दहा-बारा मुलं पुरतात. दहावीची घेऊ नका. दिवाळीनंतर त्यांच्या सराव परीक्षा लागतात आणि नोंदवही तिथेच थांबते. निम्मी मुलं नववीची आणि निम्मी आठवीची असली की पुढच्या वर्षी काम शिकवायला कोणीतरी शिल्लक राहतं. मीटर वाचणारे चार जण ठेवा आणि त्यांच्या दोघादोघांच्या पाळ्या लावा. बाकीच्यांत वर्गांची फेरी, पाणी-मोटर आणि हिशेब वाटून द्या. विज्ञानाचे शिक्षक सोबत असतातच, पण प्रकल्प चालतो तो शिपाईमामांच्या जोरावर. मेन स्विच, मोटर, वर्गांच्या चाव्या सगळं त्यांच्याकडे असतं. पहिल्याच बैठकीला त्यांना बोलवा. 'कोणता पंखा अडकतो, मोटर किती वेळ चालते' हे विचारलंत तर अर्धी पाहणी तिथेच होते. त्यांना न विचारता त्यांच्या कामावर मुलं पहारा करायला लागली, तर आठवड्याभरात मीटरच्या खोलीला कुलूप दिसेल आणि त्यात त्यांची चूक नसेल.

सुरक्षेचा नियम एका ओळीत सांगायचा: हात खिशात, डोळे मीटरवर. मुलांनी स्विच चालू-बंद करायचे, एवढंच. बोर्ड उघडणं, चोक काढणं, शिडीवर चढणं, कठडा नसलेल्या छतावर जाणं, चुन्याला हात लावणं यांपैकी काहीही नाही. ही कामं वायरमनची किंवा मोठ्या माणसांची. जुन्या इमारतीत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतात. असा बोर्ड दिसला की त्यावर लाल चिकटपट्टी लावून त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं. वायरमनला बोलावणारच आहात, तर अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या. त्याने वीज वाचत नाही, जीव वाचतो.

आधी जुनी बिलं

मागच्या बारा महिन्यांची महावितरणची बिलं काढा. कार्यालयात फाईल नसेल तर ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या संकेतस्थळावर जुना वापर पाहता येतो. बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग, गुणक अवयव आणि युनिट असे रकाने ओळीने असतात. गुणक अवयव १ असेल तर रीडिंगमधला फरक म्हणजेच युनिट. मोठ्या शाळेत सीटी (मोठा प्रवाह कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर) बसवलेलं मीटर असेल तर तो १ पेक्षा जास्त असतो आणि फरकाला त्याने गुणावं लागतं. हा रकाना पाहायचा राहिला तर वर्षभराचा हिशेब चुकतो, आणि चूक इतकी सरळ असते की कोणाच्या लक्षातही येत नाही.

रीडिंगच्या जागी लॉक, फॉल्टी असा शब्द असेल तर तो महिना सरासरीने काढलेला आहे. तो तुलनेत धरू नका. बिलावरचा महिना आणि रीडिंग घेतल्याची तारीखही जुळत नाही, त्यामुळे 'ऑगस्टचं बिल' म्हणजे ऑगस्टचा वापर समजू नका. दोन रीडिंगच्या तारखांमध्ये शाळा किती दिवस भरली ते हजेरीपटावरून मोजा आणि युनिटला त्या दिवसांनी भागा. शाळेच्या एका दिवसामागे किती युनिट, हाच आपला मूळ आकडा.

बिलं हातात आहेत तोवर दरवर्ग बघून घ्या. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळा लघुदाबाच्या एलटी-७ (अ) मध्ये आणि खासगी संस्थांच्या शाळा एलटी-७ (ब) मध्ये येतात. तिथे व्यापारी वर्ग छापलेला असेल तर उपविभागीय कार्यालयात अर्ज करा. एकही दिवा बंद न करता रुपये वाचण्याचा हा सरळ मार्ग आहे. उलटी गोष्टही मुलांना समजावून द्यावी लागते: स्थिर आकार, म्हणजे दरमहाची ठरलेली रक्कम, युनिट कमी झाले तरी तेवढाच राहतो. दोन खोल्यांच्या शाळेत बिलाचा मोठा भाग स्थिर आकाराचाच असू शकतो, मग युनिट ३० टक्के घटूनही रुपये जेमतेम १० टक्के घटतात. अशा शाळेनं पैशांचा दावा करू नये, युनिट सांगावेत.

रोजच्या दोन नोंदी

शाळा भरताना एक आणि सुटल्यावर एक. दोनशे पानी वही घ्या, रकाने असे आखा: तारीख, वेळ, रीडिंग, मागच्या नोंदीपासून युनिट, दुपारी १ चं तापमान, शेरा. शेऱ्यात 'दुपारी दोन तास वीज नव्हती', 'सभागृहात कार्यक्रम', 'पाऊस, वर्गात अंधार' असं लिहायचं. शेरा नसेल तर महिन्यानंतर एखादा फुगलेला आकडा का फुगला ते कोणालाच आठवत नाही. तापमानासाठी साधा थर्मामीटर उत्तरेकडच्या सावलीत, भिंतीला न चिकटवता, छातीच्या उंचीवर टांगा.

इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा दर काही सेकंदांनी बदलतो. कधी युनिट दिसतात, कधी व्होल्टेज, कधी कमाल मागणी, कधी तारीख. पहिल्या आठवड्यात मुलं हमखास भलताच आकडा उतरवतात. ज्याच्या बाजूला युनिटचं चिन्ह, म्हणजे केडब्ल्यूएच, दिसतं तोच घ्यायचा, केव्हीएएच नव्हे. आजचा आकडा कालच्यापेक्षा कमी आला तर चूक झालीच आहे, लगेच परत जाऊन पाहायचं.

मीटरवरचा लाल दिवा मात्र खरा कामाचा. मीटरच्या तोंडावर 'इम्प' या अक्षरांसोबत ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. एक युनिट खर्च झालं की दिवा तितक्यांदा लुकलुकतो. एका मिनिटात किती वेळा लुकलुकला ते मोजा, त्याला ६०,००० ने गुणा आणि छापलेल्या आकड्याने भागा. या क्षणी किती वॅट चालू आहेत ते मिळतं. ३२०० चं मीटर असेल आणि मिनिटाला २७ लुकलुकी आल्या तर ५०६ वॅट. चार जुने पंखे (७५ वॅटचे) आणि जुन्या चोकच्या चार ट्यूब (चोकसह साधारण ५२ वॅट) असा एक वर्ग बरोबर एवढाच घेतो: ५०८ वॅट. शाळा सुटल्यावर एकच वर्ग चालू ठेवून हा प्रयोग करा. पाठ्यपुस्तकातलं 'किलोवॅट-तास' मुलांच्या डोळ्यांसमोर लुकलुकतं आणि नंतर ते कोणाला पाठ करावं लागत नाही.

रात्री कोण वीज खातं

तीन आठवडे नोंदी झाल्या की संध्याकाळचं रीडिंग आणि दुसऱ्या सकाळचं रीडिंग यांतला फरक बघा. शाळा साडेदहा ते पाचची असेल तर मधले साडेसतरा तास इमारत रिकामी असते. तेवढ्यात ७ युनिट गेले तर सरासरी ४०० वॅट अखंड चालू आहेत. महिन्याच्या ७२० तासांपैकी शाळा भरते ती १६० तासांच्या आसपास. उरलेल्या ५६० तासांत हे ४०० वॅट सव्वादोनशे युनिट खातात. पंखे-दिवे बंद करण्याच्या सगळ्या मोहिमेतून एवढी बचत क्वचित होते.

शोधायचं कसं? मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एका संध्याकाळी थांबा. सगळे वर्ग बंद केल्यावर लाल दिवा मोजा. मग शिपाईमामा किंवा वायरमन एकेक एमसीबी (बोर्डातला एकेका भागाची वीज तोडणारा स्विच) खाली पाडतील आणि प्रत्येक वेळी मुलं मिनिटभर मोजतील. ज्या एमसीबीनंतर लुकलुक एकदम मंदावते तिथे चोर आहे. डीव्हीआरचा (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) एमसीबी पाडू नका आणि संगणक कक्षाला हात लावण्याआधी संगणक नीट बंद झालेत ना ते पाहा.

नेहमीचे गुन्हेगार ठरलेले असतात. थंड पाण्याचा कूलर रात्रभर पाणी गार करत राहतो आणि सकाळपर्यंत ते कोणीच पीत नाही. त्याला चोवीस तासांचा टायमर लावा: शाळेच्या तासभर आधी चालू, सुटण्याच्या अर्धा तास आधी बंद. टायमर त्या कूलरचा भार पेलणारा, १६ अँपिअरचा घ्या. हलका टायमर कॉम्प्रेसर सुरू होताना काही दिवसांत जळतो. वीज गेली की साध्या यांत्रिक टायमरचं घड्याळ थांबतं आणि वेळा सरकतात. आपल्याकडे वीज जाते, त्यामुळे आतल्या बॅटरीवर वेळ टिकवणारा घ्या, नाहीतर दर सोमवारी घड्याळ जुळवायचं काम एका मुलाकडे द्या.

संगणक कक्षातले यूपीएस संगणक बंद असतानाही वीज घेतात. कक्षाचा एकच मेन स्विच सुटताना पाडायचा. मात्र दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुट्टीत यूपीएसच्या बॅटऱ्या महिनाभर न चार्ज होता पडल्या तर त्या मरतात. मधे एकदा काही तास चालू करायला सांगून ठेवा. आवारातले दिवे दिवसा जळत असतील तर प्रकाश-संवेदी स्विच बसवा आणि तो दिव्याच्या स्वतःच्या उजेडात येणार नाही असा लावा, नाहीतर दिवा रात्रभर उघडझाप करत बसतो.

कधीकधी एक नाजूक गोष्ट सापडते. सगळे एमसीबी पाडूनही मीटर पळतच राहतं आणि शाळेच्या मीटरवरून निघालेली एखादी वायर शेजारच्या टपरीत किंवा मंडपात गेलेली असते. मुलांनी यावर कुठेही बोलायचं नाही. नोंद शिक्षकांकडे, शिक्षकांनी मुख्याध्यापकांकडे, पुढचं शाळा व्यवस्थापन समिती पाहील.

दिवाळीची सुट्टी ही या तपासाची फुकटची परीक्षा. शेवटच्या दिवशी आणि शाळा उघडल्याच्या सकाळी रीडिंग घ्या. बंद शाळेचं मीटर जवळजवळ जागेवरच असायला हवं.

स्विचबोर्डांचा नकाशा

कोणतं बटण कशाचं हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून वर्गात शिरणारा माणूस सगळी बटणं दाबतो. एका शनिवारी दुपारी हे काम उरकतं. प्रत्येक बटणाजवळ रंगीत टिकली: हिरवी म्हणजे कोणीही बंद करावं, पिवळी म्हणजे सर किंवा मॅडमना विचारून, लाल म्हणजे हात लावायचा नाही. लाल टिकली डीव्हीआर, इन्व्हर्टर, प्रयोगशाळेतला फ्रीज अशांना. बटणाखाली मार्करनं 'खिडकीकडचा पंखा', 'फळ्यावरची ट्यूब' असं लिहा. खान्देशी शाळेत 'पंखा बंद कया का भो?' ही अहिराणी चिठ्ठी 'विजेचा अपव्यय टाळा'पेक्षा जास्त वाचली जाते. धडगाव-अक्कलकुव्याकडे मुलांनी त्यांच्या पावरी किंवा भिली बोलीत लिहावं.

नकाशा करताना एक दोष जवळपास सगळीकडे सापडतो. एका बटणावर एक खिडकीजवळची आणि एक आतल्या भिंतीजवळची ट्यूब जोडलेली असते. दिवसा खिडकीकडे उजेड असतो, आत नसतो, आणि मग दोन्ही लावाव्या लागतात. वायरमनकडून जोडणी बदलून खिडकीला समांतर अशी एकेक ओळ एका बटणावर आणून घ्या. सामान जवळजवळ लागत नाही, मजुरी लागते. त्याआधी खिडक्यांच्या काचा धुवा आणि आतून रंगवलेल्या असतील तर खरवडा. बाकावर साधारण ३०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असावा. मोबाईलमधल्या लक्स अॅपचा आकडा ढोबळ असतो, पण दोन बाकांची तुलना करायला पुरतो. फळ्यासमोरची ट्यूब मात्र वाचवू नका.

वर्गांची फेरी

दिवसातून दोनदा, मधल्या सुट्टीत आणि कवायतीच्या तासाला दोन मुलं फिरतील. एकच प्रश्न: वर्ग रिकामा आहे आणि काय चालू आहे? वरच्या हिशेबातला वर्ग रोज एक तास रिकामा चालला तर अर्धं युनिट जातं. बारा वर्गांचे रोज सहा. पंखे चालतात ते १६० दिवस धरले तर वर्षाला साडेनऊशेच्या पुढे.

वर्गावर्गांत 'कमी वीज वापरा' अशी स्पर्धा लावण्याचा मोह होतो. लावू नका. मुलं जिंकायला अंधारात बसतात, पंखे बंद करतात आणि दुपारपर्यंत कोणालातरी चक्कर येते. शिवाय पश्चिमेकडच्या, वरच्या मजल्यावरच्या वर्गावर अन्याय होतो, कारण तो तापतोच जास्त. स्पर्धा घ्यायचीच तर 'रिकामा वर्ग चालू' सापडण्याची कमीत कमी संख्या, एवढ्यावरच.

आधी ट्यूब की आधी पंखे

इथे शाळा आणि वसतिगृह वेगळे करावे लागतात. बहुतेक जण तसं करत नाहीत आणि पैसे चुकीच्या जागी घालतात.

समजा सगळे आकार धरून एक युनिट ८ रुपयांना पडतं. तुमच्या बिलाची रक्कम युनिटने भागून खरा आकडा काढा. जुनी ट्यूब ५२ वॅट, एलईडी २० वॅट. ३२ वॅट गुणिले ५ तास गुणिले २२० दिवस म्हणजे वर्षाला ३५ युनिट, २८० रुपये. अडीचशे रुपयांची एलईडी ट्यूब वर्षाच्या आत फिटते. बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरीचा) पंखा जुन्या ७५ वॅटच्या जागी ३० वॅट घेतो. ४५ वॅटची बचत, पण दिवसाच्या शाळेत रोज साडेपाच तास आणि थंडी वजा जाता १६० दिवस. वर्षाला जेमतेम ४० युनिट, ३२० रुपये. पंखा २८०० ला घेतला तर फिटायला पावणेनऊ वर्षं. हाच पंखा आश्रमशाळेच्या निवासी खोलीत रोज १४ तास, २२० दिवस चालला तर १३८ युनिट, ११०० रुपये. अडीच वर्षांत वसूल. म्हणून दिवसाच्या शाळेनं आधी ट्यूब बदलाव्यात, आणि पंखे जसजसे जळतील तसतसे नवे बीएलडीसी घ्यावेत. तळोदा-शहाद्याकडच्या निवासी शाळांनी झोपायच्या खोल्यांतले पंखे आधी बदलावेत.

बसवताना काय बिघडतं तेही पाहू. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब घालायची तर चोक जोडणीतून काढून टाकावा लागतो आणि स्टार्टरही; नाहीतर ट्यूब लुकलुकते किंवा लवकर जाते. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवायचा नाही, रेग्युलेटर काढून साधा स्विच ठेवायचा. रिमोट शाळेत पंधरा दिवस टिकत नाही, त्यामुळे भिंतीवरच्या बटणानं वेग बदलणारा प्रकार मागा. जे पंखे तूर्त बदलणार नाहीत त्यांचे जुने, गरम होणारे खोक्याचे रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक करून घ्या. पंखा संथ फिरतोय म्हणून पूर्ण वेगावर ठेवलेला असतो, आणि खरा दोष कपॅसिटरचा असतो. शंभर रुपयांच्या आतला भाग आहे, आधी तो बदलून पाहा. पाती वावटळीच्या धुळीनं माखलेली असतील तर एप्रिलआधी पुसून घ्या.

मोटर आणि पाणी

दीड अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण दीड युनिट घेते. टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते आठवड्यातून एकदा मोजा आणि वहीत लिहा. पावसाळ्यात २५ मिनिटं लागणारी टाकी फेब्रुवारीत ४० मिनिटं घेऊ लागली तर दोन शक्यता: बोअरची पातळी खाली गेली, किंवा फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) गळतोय. मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरत असेल आणि दर वेळी मोटरला पाणी भरून सुरू करावं लागत असेल तर व्हॉल्व्हच. पाणबुडी मोटर असेल तर हे दिसत नाही, मिस्त्रीलाच विचारा. टाकी ओसंडून वाहत असेल तर पातळी पाहून मोटर बंद करणारा कंट्रोलर बसवा. तो बोअर कोरडं पडल्यावरही मोटर थांबवणारा घ्या. एप्रिल-मेमध्ये कोरडी चालून जळालेल्या मोटरीपुढे वर्षभराची वीजबचत काहीच नाही.

गळका नळ दहा मिनिटांत एक लिटर देत असेल तर दिवसाला १४४ लिटर. ते पाणी मोटरीनंच वर चढवलेलं असतं.

छत

वरच्या मजल्यावरचे वर्ग दुपारी भट्टीसारखे तापतात. उपाय छतावर करायचा. स्लॅबवर चुना हा स्वस्त आणि चांगला. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला करा. त्याआधी केलात तर धूळ बसते, उशीर केलात तर निम्मा उन्हाळा गेला. छत झाडून धुऊन घ्या. भिजलेला चुना रात्रभर पाण्यात ठेवा, कापडातून गाळा, त्यात छतावरच्या चुन्यासाठी दुकानात मिळणारा डिंक घाला. पहिला हात देण्याआधी स्लॅब ओला करा, दुसरा हात पहिल्याला आडवा द्या. कोरड्या तापलेल्या स्लॅबवर दिलेला चुना दुसऱ्या दिवशी पावडर होऊन उडतो, म्हणून काम संध्याकाळी किंवा पहाटे. किती चुना लागेल याचा अंदाज बांधत बसू नका. दहा बाय दहा फुटांवर करून पाहा, जितका लागला त्यावरून सगळ्या छताचा हिशेब मुलं करतील. चुना डोळ्यांत गेला तर इजा गंभीर होते, त्यामुळे हे काम हातमोजे आणि चष्मा घातलेल्या मोठ्यांचंच.

पावसात चुना वाहून जातो, दरवर्षी द्यावा लागतो. छताचं पाणी टाकीत साठवत असाल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा.

पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथे पांढरा उष्णतारोधक रंग, किंवा आपल्याकडे सहज मिळणारी शेडनेट. पत्र्यापासून फूट-दीड फूट उंच ताणा. चिकटून अंथरली तर मधली हवा खेळत नाही आणि निम्मा फायदा जातो. मे-जूनच्या वादळात मोकळी सुटलेली नेट पत्र्यासकट ओढते, म्हणून पक्की बांधा आणि मेच्या मध्यात काढून घडी घालून ठेवा. पत्र्यावर कपाशीच्या काड्या किंवा उसाचं पाचट टाकू नका. उन्हाळ्यात ते पेटायला एक ठिणगी पुरते.

मोजणी अशी: शेजारशेजारच्या दोन सारख्या वर्गांपैकी एकावरच आधी उपाय करा. पंधरा दिवस एकाच वेळी, दोन्हीकडे एकाच उंचीवर थर्मामीटर ठेवून नोंद घ्या. शाळा सकाळची झाली असेल तर दोन मुलं आणि एक शिक्षक दुपारी दोनला जाऊन येतील. दोन्ही वर्गांच्या खिडक्या सारख्याच उघड्या हव्यात, एवढं जपा. हे करून मगच उरलेल्या छतासाठी पैसे मागा. ग्रामपंचायत असो की संस्था, 'गार वाटतं' यावर पैसे देत नाही, वहीतला फरक पाहून देते.

पोषण आहाराचा गॅस

स्वयंपाकघरात मुलांनी मावशींना शिकवायला जाऊ नये, फक्त नोंद ठेवावी. सिलिंडर लावल्याची तारीख, संपल्याची तारीख, रोजची ताटं. १४.२ किलोचं सिलिंडर १२० मुलांना नऊ दिवस पुरलं तर एका ताटाला १३ ग्रॅम. मटकी, हरभरा, वाटाणा आदल्या दिवशी भिजत घातले त्या आठवड्याचा आणि न भिजवता शिजवले त्या आठवड्याचा आकडा शेजारी ठेवला की मावशींनाच फरक दिसतो. भांड्याचा तळ काळा पडत असेल, ज्योत पिवळी असेल तर बर्नर साफ करायची वेळ झाली आहे.

छतावर सौर पॅनेल असतील तर

एक किलोवॅटला वर्षाच्या सरासरीनं रोज ४ युनिटच्या आसपास मिळतात. इन्व्हर्टरवरचा आकडा रोजच्या वहीत घ्या. ढग नसतानाही तो उतरत चालला तर आधी धूळ, मग निंबाची वाढलेली फांदी, मग वायरिंग. पॅनेल सकाळी उन्हाआधी साध्या पाण्यानं धुवायचे, मोठ्या माणसानं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्प आहे आणि भुसावळजवळ दीपनगरला कोळशावरचं वीज केंद्र. जमलं तर परवानगी काढून नववीच्या मुलांना एकाच सत्रात दोन्ही दाखवा. आपलं युनिट कुठून येतं ते नकाशावर बोट ठेवून सांगता येतं.

हिशेब मांडताना

मार्चमध्ये मागच्या मार्चशी तुलना करा, फेब्रुवारीशी नव्हे. दोन्हीकडे शाळेच्या दिवसामागे युनिट काढा. मागचा मार्च सौम्य आणि हा तापलेला असेल तर वहीतल्या दुपारच्या तापमानावरून तेही लिहा. सकाळची शाळा कोणत्या तारखेपासून झाली हे विसरू नका, कारण त्यानं तासच कमी होतात आणि ती घट तुमच्या प्रकल्पाची नसते. नवीन संगणक, नवी वर्गखोली, वाढलेली पटसंख्या शेऱ्यात असावी. कार्बनचा आकडा हवाच असेल तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा.

समितीसमोर मांडण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: वाचलेल्या रकमेतला निम्मा भाग पुढच्या वर्षीच्या ट्यूब-पंख्यांसाठी राहील. सुरुवातीला हे बोलून घेतलं नाही तर पैसे सर्वसाधारण खर्चात विरघळतात आणि दुसऱ्या वर्षी गट जमत नाही. पहिल्या खर्चासाठी जिल्हा परिषद शाळेला संयुक्त शाळा अनुदानातून विचारता येईल.

वही कपाटात कुलूपबंद ठेवू नका; ती मीटरजवळ खिळ्याला टांगलेली असावी, पेनसकट. दर महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो शिक्षकांच्या मोबाईलमध्ये. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नववीची मुलं आठवीच्या मुलांना मीटर वाचायला बसवतील, सुट्टी लागतानाचं रीडिंग दोघांच्या सहीनं लिहितील आणि जूनमध्ये शाळा उघडली की पहिली नोंद नव्या पाळीची.